आईच्या घराला सील

दादा,

तू लोकांच्या ठेवी गिळून परदेशी पळालास आणि आज जप्तीवाले आईच्या घराला सील ठोकायला आले, कारण घर तुझ्या नावावर.

आईने साहेबांना विचारलं, "आणि त्याने बाकीचं नेलं, त्याचं काय?"

"तिथवर आमचा हात पोचत नाही, आजी. तो कुठे आहे, हेच कळत नाही."

तेवढ्यात तुझा फोन आला. "घर गेलं तर जाऊ दे. बाकीचं माझ्याकडे सुखरूप आहे," तू हसत म्हणालास. शेजारी उभ्या आईने ते ऐकलं.

जिन्यात बसून ती मला म्हणाली, "साहेबांना त्याचा पत्ता सांग."

तू फक्त आम्हा दोघींना कळवलेला पत्ता मी साहेबांना सांगितला.

हे पत्र मात्र इतक्यात पेटीत टाकणार नाही. तुझ्या दारात आधी साहेबांची माणसं पोचू देत.

तुझी धाकटी