तळमजल्यावर उभी असलेली ताई

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलाखत झाली. तू विचारायच्या आत सांगतो : शर्ट इस्त्रीचा होता आणि मी कुणाशीही वाद घातला नाही.

समोर एक मुलगा, एक मुलगी. दोघांची वयं मिळून माझ्याएवढी. मुलीनं पदवी विचारली. म्हटलं, पदवी नाही. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय आणि सहा वर्षं पुस्तकांवरून प्रोग्रॅमिंग शिकलोय, एकही उदाहरण न गाळता. मग त्यांनी प्रश्न घातला आणि मला हसूच फुटलं. दहा मजले, एक लिफ्ट, जागोजागी बटणं दाबलेली. लिफ्टनं आधी कुठं जावं हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहा. ताई, हे मला विचारतात!

चाळीस मिनिटं होती, मी एकवीस घेतली. नियम सरळ : जो मजला जवळ, तो आधी. त्यांच्या बाराही चाचण्या पास! निकाल दहा तारखेला. नोकरी मिळाली तर दोरांना लोंबकळणं सुटेल आणि दारावर ‘इंजिनिअर’ लिहिता येईल. अक्षरं मापून ठेवली आहेत.

भावजींना नमस्कार. लोभ आहे, तो वाढवावा.

तुझा धाकटा

५ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तू वाद घातला नाहीस, यावर इथं कुणाचाही विश्वास बसत नाहीये. बाकी पत्र मी शेजारणीलासुद्धा वाचून दाखवलं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारू? आमच्याकडे सकाळी वरच्या मजल्यांवरच्यांची एकमेकांकडे सारखी ये-जा. तुझी लिफ्ट आठव्यावरून नवव्यावर, नवव्यावरून सातव्यावर अशी वरच घुटमळणार. आणि मी भाजीची पिशवी घेऊन खाली उभी. माझा नंबर कधी रे? तू काही सोय केलीच असशील म्हणा.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोय केलेली नाही.

आधी तुझा रागच आला. मग कागदावर पायरी पायरीनं प्रोग्रॅम चालवून पाहिला. चाळीस फेऱ्या झाल्या, तू खालीच. बावीस वर्षं तळमजल्यावरच्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि ऐन वेळी त्यांनाच विसरलो.

बायको म्हणाली, निकाल लागेपर्यंत गप्प बसा, कोण बघतंय? तिचंही खरंच. पण चुकीचं काम माझ्या नावावर राहणार, हे काही मला सोसेना. त्यांना कळवलं : एका दिशेची सगळी बटणं संपवून मगच लिफ्ट उलटी फिरावी. सोबत नवा प्रोग्रॅम जोडला आणि खाली लिहिलं, चूक माझी, शोधली थोरल्या बहिणीनं. अक्षरांचा कागद खणात टाकलाय.

माया असू दे, सध्या जरा जास्तच.

तुझा धाकटा

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाली!

मुलाखतीतल्या त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, बाराही चाचण्या पास झालेले आणखी तिघं होते. पण पास झालेल्या आपल्याच उत्तरातली चूक घेऊन परत आलेले तुम्ही एकटेच. कागद खणातून बाहेर काढलाय. बायको म्हणते, ती सुरुवातीपासून हेच सांगत होती.

आणखी एक. त्यांनी परीक्षेत तेरावी चाचणी घातली आहे : वर गर्दी, खाली एक बाई, हातात पिशवी. तिचं नाव ठेवलंय ‘ताई’. ती पास झाल्याशिवाय यापुढं कुणालाही आत घेणार नाहीत. मी म्हटलं, आमच्या घरात पहिल्यापासून हेच चालत आलंय.

लोभ असावा, आणि तो वरच्या वर न घुटमळता खालपर्यंत यावा.

तुझा इंजिनिअर भाऊ