माडाच्या आळ्यातलं मीठ

रत्नागिरी,
शनिवार, १२ मे १९३४

चि. हरिश्चंद्र यास,

मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिले. मी बरी आहे. तुझी खुशाली विचारत नाही. मधली भिंत पातळ आहे, तुझा खोकला ऐकू येतो.

काल, शुक्रवार ११ मे, दुपारी साडेचार वाजता तुझ्या हुकमावरून तुझा गडी बाबल्या याने विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात दोन टोपल्या मीठ टाकलं आणि वर पाणी सोडलं. आज सकाळी त्या आळ्यात ठेवलेले माझे सातही बेडूक मेलेले होते.

माडाला मीठ घालतात हे मला शिकवू नकोस. पण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीला पोट टेकून बसतो आणि कातडीने पितो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं मी त्यांना सोनाराच्या तराजूत तोलते आहे. उन्हाने सुकलेला तासाभरात अर्धा तोळा वाढतो. पुरेसं झालं की ओल्यात बसूनही गुंजभर वाढत नाही. किती घ्यायचं ते त्याची कातडी ठरवते. खाऱ्या पाण्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही, अंगातलंच पाणी ओढलं जातं. काल पाच तोळ्यांची थोरली बेडकी आज साडेतीन भरली. हो, मेलेलीही तोलली. नोंद अर्धी सोडू नये, हे मला कॉन्व्हेंटात छडीने शिकवलं होतं.

पळायला त्यांना वाट नव्हती. आळ्याभोवती कौलांचा कठडा होता. तो मी घातला होता.

बाबल्याने विचारलं नाही असं नाही. ओटीपाशी येऊन म्हणाला, "बाय, आळ्यात मीठ टाकायचा हाय. तुमचं बेडूक हायत ना तिथं? टाकू का नको?"

आईच्या तेराव्याला तू मला फुकटची पाहुणी म्हणालास, तेव्हापासून तुझ्याकडच्या माणसाला मी उत्तर देत नाही. मी तोंड फिरवलं.

"बरा तर," म्हणून तो गेला.

नंतरही उठून त्यांना बाहेर काढता आलं असतं. तू खिडकीत उभा होतास. तुझ्यासमोर धावत जाणं मला जमलं नाही. काळोख पडल्यावर गेले नाही, कारण तोवर काय झालं असेल ते मला कळत होतं.

सोमवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी उत्तर हवं. तोंडी निरोप चालणार नाही. "चूक माझ्या एकट्याची" एवढंच लिही आणि खाली सही कर. ते खरं नाही, हे आपण दोघंही जाणतो. तरी लिही, हरी.

तुझी बहीण,
सगुणा