आडवाईची पालखी

९ फेब्रुवारी, रविवार

देवी झाली एकदाची! नाव ठेवलं आडवाई.

सुशांतच्या खेळाला देव हवे होते. खेळ म्हणजे फासे टाकायचे आणि एका खोट्या राज्यात जगायचं. गोष्ट सुशांत चालवतो, पात्रं आम्ही तिघं — मी, आम्रपाली, रितेश. दर रविवारी महाडला, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. लढाईचा देव आणि समुद्राचा देव त्यानं नेटवरून उचलले. तिसऱ्या देवाची पूजाअर्चा माझ्यावर ढकलली, का तर तुझ्या गावात देवाचं फार असतं. असतं बाबा, फार असतं.

आडवाईला नारळ चालत नाही, मीठ चालतं. देवळात पाठमोरं शिरायचं. पुजाऱ्यानं स्वतःचं नाव घ्यायचं नाही. शेवटचा नियम एसटीत सुचला — पालखी आधी त्या दारात न्यायची जे गावानं बंद केलंय. ते दार टाळलं तर पालखी जड होते, खांदेकऱ्यांना हलत नाही.

हा नियम कुठून आला ते काय मला कळत नाही?

१० फेब्रुवारी

आडवाईचा पुजारी कोण, तर रितेश! स्वतःहून मागून घेतलं. महाडात मला चहा पाजतो, हसतो, फासा पडला की टाळी देतो. आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरला की ओळख देत नाही. तिथून एकाच गावाला जायचं असतं, तर हा पुढच्या सीटवर, मी आणि आम्रपाली मागं. त्याचे वडील गावकीचे अध्यक्ष. आमचं घर वाळीत.

बाबांचा गुन्हा एवढाच, की आम्रपालीच्या घराला वाट दिली. तिचं घर आमच्या शेतापलीकडं. पावसाळ्यात ओढा चढला की तिचे वडील, धम्मपालकाका, तिकडंच अडकायचे. बाबांनी आपल्या बांधावरून वाट काढून दिली. गावकी म्हणाली, विचारलं नाहीस. झालं. गेल्या शिमग्याला पालखी आमचं अंगण सोडून पुढं गेली. पहिल्या खांद्याचा मान बाबांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा! त्या दिवशी ते गोठ्यात जाऊन बसले होते.

कायदा आहे म्हणे याच्याविरुद्ध. असेल. गाव करी ते राव न करी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांना देवी आवडली. सुशांत तर खूश, म्हणाला की हे एकदम खरं वाटतं.

आम्रपालीनं मात्र मध्येच विचारलं, "ज्याला आडवाई नकोच असेल, तो त्या गावात चालेल कुठून? त्याला वाट आहे का?"

मी म्हटलं, लिहिते पुढच्या वेळी. ही पण ना! शाळेपासून अशीच आहे, खेळताखेळता मास्तरांसारखे प्रश्न काढते.

२८ फेब्रुवारी

सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ढोल घुमायला लागलेत. आईनं ट्रंकेतून खण काढून उन्हात टाकला. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, कसर लागते. बाबा ढोल ऐकतात आणि बोटांनी मांडीवर ताल धरतात. मी बघितलं की थांबतात.

वर्षभर या माणसानं कुणापुढं मान वाकवली नाही. पण पालखी एकदा अंगणात यावी म्हणून आतून झुरतोय. मला दुसरं काही नको. तेवढं व्हावं.

२ मार्च, रविवार

आज खेळात पालखी निघाली. सुशांतनं बंद दारापाशी आणली. रितेशनं फासा टाकला — दोन! पालखी जड झाली. तो उठून उभा राहिला, खांदा खाली टाकला आणि म्हणाला, देवी इथून हलणार नाही, हे दार उघडा — त्याचा आवाज भरून आला. सुशांतनं टाळ्या वाजवल्या. मला राग आला. खोट्या गावात रडायला काय जातं?

जिना उतरताना हळूच म्हणाला, "अंकिता, औंदा पुढचा खांदा माझा हाय."

एवढंच. खऱ्या पालखीचा म्हणतोय, हे मला एसटीत बसल्यावर उमगलं.

१३ मार्च

होळी लागली. आम्ही अंगणातून बघितली.

१५ मार्च, शनिवार

पालखी थांबली.

खरंच थांबली! आमच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी. रितेशचा खांदा खाली गेला, मागचे भेलकांडले. गलका झाला — जड झाली, जड झाली! आई पळत आत गेली, खण घेऊन आली. मी आरतीचं ताट घेतलं.  मी तेव्हा मनात रितेशच्या पाया पडले, खोटं कशाला लिहू.

मग गुरवानं तांदळाचा कौल लावला आणि रितेशच्या वडिलांनी त्याचा अर्थ सांगितला. अर्थ सांगायचा मान त्यांचा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जडपणाचा नियम लिहिला, तो कुणी वाचायचा ते लिहिलंच नाही.

ते बाबांना म्हणाले, "मालोजी, देवी तुझ्यासाठी थांबलीय. ती वाट बंद कर. त्या घराशी येणं-जाणं बंद. मग देवी आत्ता आत येते."

रितेश खाली बघत होता. मला वाटलं, बाबा पालखीला हात जोडतील आणि परत पाठवतील. वर्षभर तेच तर केलं होतं त्यांनी. ते पालखीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "देवीच्या म्होरं मी कोण? करतो बंद."

आईनं ओटी भरली. बाबांनी खांदा दिला, अंगणभर पालखी नाचवली, लहान पोरासारखे रडले. आणि मी? मी नाही म्हणू शकत होते. मी ओवाळलं.

१६ मार्च, रविवार

सकाळी बाबांनी करवंदीची झुडपं तोडून बांधावर टाकली. 

महाडला आम्रपाली आली नाही. सुशांतला मेसेज — माझं पात्र मारून टाक. रितेश फासा नुसता हातात फिरवत होता. म्हणाला, "मी तुमच्यासाठीच केलं गो." मला माहीत आहे. तेच तर.

२४ मार्च, सोमवार

पोलादपूरच्या स्टँडवर गावची चार माणसं होती. रितेशनं सगळ्यांदेखत हाक मारली, शेजारी जागा धरली. पलीकडं आम्रपाली उभी होती, पायजमा ओढ्याच्या चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेला. तिनं माझ्याकडं बघितलं. "अंकिता," म्हणाली.

मी ओळख दिली नाही.