दगडापासून दीडशे पावलं

९ मार्च, सकाळचे साडेदहा

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. गुडघा तेवढा रोज कुरकुरतो, पण काम अडवत नाही. तुझ्या भावजयीने नवा चष्मा केलाय. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि ती मला बोलावून दाखवते. एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

दर रविवारी फोन असताना पत्र कशाला, असं म्हणून तू आधी शेवटचं पान उलटशील. ते करू नकोस. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. शेडमधल्या बाकावर बसलोय, शेजारी गवत कापायचं मशीन थंड होतंय, चहा आहे. महिनाअखेर मी निवृत्त होतोय. एकोणचाळीस वर्षं एकाच गोल्फच्या मैदानाची हजामत करत आलो, आता दुसरा कोणीतरी करेल. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगू का, बरं वाटतंय. पहाटे उठून दव बघायची सवय मात्र जाणार नाही.

आता आपल्या जुन्या भांडणाकडे येतो. क्लबला या वर्षी पंच्याहत्तर वर्षं होतात. सेक्रेटरींच्या डोक्यात आलं की दारात एक मोठा फलक लावायचा आणि सगळ्यांत वर या मैदानावरच्या आजवरच्या सर्वांत थोर खेळाडूचं नाव लिहायचं. ठरवायला तिघंजण: सेक्रेटरी स्वतः, ते दातांचे डॉक्टर, आणि सगळ्यांत जुना नोकर म्हणून मी. नावं दोनच होती, तुला माहीतच आहेत. तुझे पोस्टमास्तर आणि आमची टाचणी.

तू टाचणीला पाहिलेलं नाहीस, नुसतं माझ्या तोंडून ऐकलंयस. शिंप्याची मुलगी, तुझ्याएवढी उंच, बोलायला कमी. चेंडू टाचणी टोचावी तसा नेमका ठेवते म्हणून ते नाव पडलं. मोठा कप तिने चारदा जिंकला. पोस्टमास्तरांनी एकदाही नाही. दातांच्या डॉक्टरांनी आकड्यांचा तक्ताच करून आणला होता. कोणाला किती फटके लागले, सरासरी काय, सगळं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तेव्हा गवत माझ्या अंगठ्याएवढं असायचं, आता नखाएवढं असतं. काठ्या वेगळ्या, चेंडू वेगळे. तुम्ही दोन वेगळ्या मैदानांची बेरीज करताय. ते म्हणाले, "मग तुमचं मत कोणाला?" आणि मी चहा आणायला उठलो.

इतकी वर्षं फोनवर मी तुझ्याशी टाचणीच्या बाजूने भांडत आलो. "तुमचे पोस्टमास्तर आजच्या काळात पहिल्या दिवशीच घरी गेले असते," असं मी एकदा म्हणालो, तेव्हा तू तीन रविवार फोन उचलला नाहीस. दादा, ते मला मनापासून कधीच वाटत नव्हतं. मी टाचणीची बाजू धरली, कारण पोस्टमास्तरांची धरली असती तर बोलणं फिरून त्या दिवसावर आलं असतं. आणि त्या दिवसावर मला यायचं नव्हतं.

आज येतो.

चौतीस वर्षांपूर्वीची मोठ्या कपाची शेवटची फेरी. पोस्टमास्तर आणि तो पाहुणा खेळाडू सतराव्या होलपर्यंत बरोबरीत. तू पोस्टमास्तरांचा कॅडी, त्यांची काठ्यांची पिशवी तुझ्या खांद्यावर. अठराव्याचा चढ तुला आठवतोच. खालून ग्रीनची गुळगुळीत हिरवळ दिसत नाही, नुसतं तिच्यावरच्या निशाणाचं टोक दिसतं. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही, आकडाच लागतो. आकडे तुझ्या वहीत होते. सगळं मैदान तू तुझ्या पावलांनी मोजलं होतंस. कडेच्या चुना लावलेल्या दगडापासून ग्रीनच्या मध्यापर्यंत दीडशे, आणि निशाण त्या दिवशी बरोबर मध्यावर होतं. चेंडू दगडाच्या चार पावलं पुढे पडला होता. तू सांगितलंस, एकशे सेहेचाळीस. पोस्टमास्तरांनी मारला, आणि चेंडू ग्रीनच्या अलीकडे वाळूच्या खड्ड्यात पडला. एका फटक्याने कप गेला.

ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आकडा बरोबर होता, माझाच हात हलका पडला." तुला वाटलं, ते तुला सांभाळून घेतायत. तू वही शेडमधल्या कचऱ्याच्या डब्यात फेकलीस आणि गेलास तो गेलास. मग आयुष्यभर बुटांच्या दुकानात लोकांचे पाय मोजलेस. या मैदानावर परत पाय ठेवला नाहीस. आई असताना इथून दोन गल्ल्यांवर यायचास, तरी फाटकापर्यंत आला नाहीस. "मी त्यांचा कप घालवला," हे तू वहिनींजवळ बोललास आणि वहिनी माझ्याजवळ बोलल्या.

वही मी डब्यातून काढली होती. माझ्याजवळच आहे.

तर त्या समितीत टाचणीलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, "मला त्यांच्या काठीने, त्यांच्या वेळच्या चेंडूने तोच फटका मारू द्या. मग बोलू." सेक्रेटरींना गंमत वाटली. पोस्टमास्तरांची काठी क्लबच्या कपाटात होती, चेंडूही सापडले. मी अठराव्यावरचं गवत बारा दिवस कापलं नाही, जुन्याएवढं वाढू दिलं. सभासदांनी कुरकुर केली, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. गेल्या मंगळवारी सकाळी आम्ही चौघं तिथे गेलो. निशाण मध्यावर रोवलं. दगडापासून चार पावलं पुढे चेंडू ठेवला. तिने आकडा विचारला. मी तुझ्या वहीतून वाचला, एकशे सेहेचाळीस.

पहिले दोन तिच्या हातून वेडेवाकडे गेले. ती हसली, म्हणाली, "ही काठी आहे की लाटणं?" तिसरा लागला. छान उंच गेला, आणि त्याच खड्ड्यात पडला. चौथाही तिथेच. दातांचे डॉक्टर म्हणाले, "बघा, काठीच तोकडी." तिने माझ्या हातातली वही घेतली आणि चालायला लागली. पाण्याच्या टाकीपासून ग्रीनपर्यंत चालली, तिचा आणि तुझा आकडा एकच. वाकड्या झाडापासून चालली, एकच. मग दगडापासून चालली. एकशे अठ्ठावन्न.

खाली येऊन म्हणाली, "हे कोणी मोजलंय?"

मी म्हटलं, "माझ्या दादाने."

"त्यांचं पाऊल चुकलेलं नाही. हा दगड चुकलाय."

दादा, दगड मी हलवला होता. त्या शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी. कडेचं गवत कापताना मशीनचं पातं दगडाला लागायचं, म्हणून मी तो लोटून बाजूला केला. काम झाल्यावर अंदाजाने परत ठेवला. ग्रीनपासून आठ पावलं मागे ठेवला गेला, म्हणजे तुझे एकशे सेहेचाळीस त्या दिवशी खरे एकशे चोपन्न होते. आम्हा माळ्यांच्या लेखी तो कडेचा एक दगड होता, तुम्हा कॅडींच्या लेखी तो मैदानाचा खुंटा होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. चूक कोणाच्याही हातून होते, आणि तेवढंच असतं तर मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं असं मला वाटतं.

पण तेवढंच नाही. फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अठराव्यावर गेलो तेव्हा दगडाची जुनी जागा मला दिसली. परातीएवढा पिवळा, टकलाचा गोल. मी पावलं मोजली, आठ भरली. उभ्या उभ्या सगळं कळलं. घरी येऊन तुला हाताला धरून तिथे न्यायला हवं होतं. तू अजून गाव सोडलं नव्हतंस, अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होतास. मी काय केलं, तर शेडमधून मूठभर बी आणलं, तो गोल उकरला, बी पेरलं आणि पाणी घातलं. नोकरी जाईल ही भीती होती, आणि त्याहून जास्त तुझ्या तोंडाकडे बघायची. पंधरा दिवसांत तिथे असं गवत आलं की मलाही जागा सापडेना. माझ्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणतात. तेव्हापासून ते ऐकलं की मी विषय बदलतो.

पोस्टमास्तर पुढे बावीस वर्षं येत होते. दर सोमवारी विचारायचे, "तुझा दादा येत नाही का रे?" मी म्हणायचो, दुकानात फार गर्दी असते.

हे सगळं मी त्या तिघांना तिथेच, दगडाजवळ सांगितलं. बियाण्यासकट. सेक्रेटरी म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय करणार. टाचणी खड्ड्याच्या काठावर बसली होती. ती म्हणाली, "अहो, म्हणजे त्यांनी बरोबर एकशे सेहेचाळीसच मारला होता. कप पणाला लागलेला, ग्रीन दिसत नाही, या काठीने, एका फटक्यात. मला दोनदा चुकून जमला." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तुमच्या तक्त्यात हा फटका कुठे लिहाल?"

तर आपल्या भांडणाचा निकाल असा, दादा: तू जिंकलास असंही नाही आणि मी हरलो असंही नाही. फलकावर वर कोणाचंच नाव येणार नाही. सगळी नावं सालवार येतील. टाचणीने एक अट घातली, की प्रत्येक खेळाडूसोबत त्याच्या कॅडीचंही नाव हवं, एकट्याने कोणी काही जिंकत नाही आणि हरत तर नाहीच. सेक्रेटरींनी मला तुझं पूर्ण नाव विचारलं. मी ते दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा लिहून घेतलं. नोकरीचं काही बोलले नाहीत. निवृत्तीचा चहा मात्र ठरल्याप्रमाणे आहे, यावरून समज.

पुढच्या शनिवारी टाचणीची मोठ्या कपाची फेरी आहे. तिच्याजवळ अंतर दाखवणारी छोटी दुर्बीण आहे, तिला कोणाच्या पावलांची गरज नाही. तरी तिने निरोप दिलाय: "दादांना म्हणावं, अठराव्यावर मी आकडा त्यांनाच विचारणार." पिशवी तिचा भाऊ उचलेल. तुझ्या पाठीचं मी सांगितलंय.

दुपारी जेवायला घरी आलो, तर तुझी भावजय हे पत्र वाचून म्हणाली, माफी कुठे मागितलीस? चष्मा नवा आहे ना. तर मागतो. तुझ्या आयुष्याची चौतीस वर्षं तू नको त्या जागी उभा राहून मोजलीस, आणि त्या जागी तुला मी उभं केलं. मला माफ कर. लगेच नाही जमलं तर चालेल. आणि एवढ्यावर मी सुखी कसा, असं विचारशील, तर हे लिहिता लिहिता छातीवरचं उतरलंय, खोटं का बोलू.

इतकी वर्षं तू स्वतःवर जो राग धरलास तो माझ्या नावचा होता. तो तुझ्याकडे ठेवू नकोस. शनिवारी घेऊन ये आणि माझ्या हातात दे.

फाटकाशी उभा असेन.

तुझा धाकटा