गयाच्या गळ्यातली माळ

२० फेब्रुवारी १९७९
आज दवाखान्यात एक केस आली आणि मी दिवसभर खूश आहे. असं लिहू नये, पण आहे. गया, वय विशीतलं, दिवाळीपासून माहेरी. गळ्याभोवती काळा खरखरीत पट्टा, हातांवरही तसाच. जुलाब. नजर हरवलेली, स्वतःशी पुटपुटते. तिची आई रुखमाबाई म्हणाली, "देवीनं माळ घातलीय बाई हिला. चैताच्या पुनवेला कवड्याची माळ बांधायची हाय."
म्हणजे गया आराधीण होणार, परडी घेऊन जोगवा मागणार. ह्या गावात माळ बांधली की नवऱ्याचं घर सुटलं. नवरा ऊसतोडीला जाताना हिला इथं सोडून गेलाय.
मग दवाखान्यात कशाला आणलं? "जुलाबाचं तेवढं द्या." जुलाबाचं तेवढं! गळ्याचं देवी बघणार.

२१ फेब्रु.
पुस्तक काढलं. पेलाग्राच. गळ्याभोवतीचा पट्टा ही त्याची खूणच. कॉलेजात जेमतेम अर्धं पान होतं, परीक्षेला कधी आलं नाही म्हणून कुणी वाचलंही नाही. मी वाचलं होतं! मका खाऊन जगणाऱ्या परदेशातल्या गरिबांना व्हायचा. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे लागण. अमेरिकेत एका डॉक्टरचं कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं रोग्यांच्या खपल्या पिठात कालवून गिळल्या. काही झालं नाही. दोष अन्नाचा. ज्वारीवर जगणाऱ्यांनाही होतो, हे हैदराबादच्या पोषण संस्थेनं दाखवलं.
गया काय खाते? भाकरी. कशाशी? मीठ-मिरची. आणखी काय पुरावा हवा.

२४ फेब्रु.
पेलाग्राचं औषध, निकोटिनामाइडच्या गोळ्या, परभणीहून आजच आल्या. नामांतराच्या रास्ता रोकोत एस्टी अडकली होती. लगेच गयाच्या घरी जाऊन रुखमाबाईच्या हातात दिल्या. कंपाउंडर रज्जाकमामू उंबऱ्याबाहेरच. लागण होत नाही हे दाखवायला गयाच्या कपातला उरलेला चहा मी पिऊन टाकला. मामू ओरडले, "नक्को पिओ बाई, बीमारी है!" प्यायले. त्या अमेरिकन डॉक्टरपेक्षा माझं सोपं. चहात आलं होतं.

५ मार्च
काही फरक नाही. उलट पट्टा रुंदावलाय. डोकं चालेना. आज न सांगता जाऊन धडकले. गोळ्या सगळ्या देव्हाऱ्यात, हळदीकुंकू लावून! रुखमाबाई शांतपणे म्हणाली, "देवीपुढं ठेवल्यात. पुनवेला देऊ की." वर म्हातारी आराधीण साळूबाई हिचा हुकूम असा, की पुनवेपर्यंत गयानं पाच घरच्या जोगव्यावरच राहायचं. पाचही घरं परडीत काय घालतात? ज्वारीचं पीठ. आधी मीठ-मिरची तरी होती!
लय चिडले. मामूंवर उगाच ओरडले.

६ मार्च
सुचलं. साळूबाईकडे गेले, कुंकू लावून घेतलं, मग विचारलं, "परडीत पडेल ते खायचंच ना?"
"व्हय. परसाद हाय तो. टाकून कसं चालंल?"
तिथून पाचही घरं फिरले. शेंगा घाला, हरभऱ्याची डाळ घाला, दूध द्या. एका घरची सासू अडून बसली, "जोगव्याला पीठच असतंय." म्हटलं, देवीला शेंगा वर्ज्य आहेत असं कुठं ऐकलंत? तिनं कुठंच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या घरी दुभतं नाही, तर त्यांच्या जागी मी. माझं क्वार्टर आता पाचवं घर. दूध आणि गोळी, दोन्ही माझ्या हातून, माझ्यासमोर.
आज स्वतःवर फिदा आहे.

१५ मार्च
जुलाब थांबले. दारात गया आली, परडी पुढं केली, दूध प्याली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बाई, तुमचा गवळी पानी लय घालायलाय."
एवढं हसले की मामू पळत आले.

२ एप्रिल
गळ्यावरचं काळं सुटतंय, खाली नवी कातडी. गावात बोलबाला: देवी पावली. गोळ्यांचं नाव कुणी घेत नाही. मामूंना राग, मला नाही. साळूबाईनं गळ्यावरून हात फिरवला. "माळ उतरली. देवीनं सोडलं हिला. पुनवेला परडी परत करा." रुखमाबाई रडली, आणि मीही. नवऱ्याचा निरोप आहे, पुनवेला गाव गाठतो, परडी परत दिली असेल तर हिला नेतो.

१० एप्रिल
मोठ्या तोऱ्यात गेले होते. गया अंगणात शेंगा फोडत बसली होती. म्हटलं, परवा परडी देऊन टाक आणि जा आपल्या घरी.
"परडी दिल्यावर शेंगा कोन घालंल, बाई?"
म्हटलं, नवऱ्याच्या घरी खा की.
"तिथं भाकरीच की."
कशाशी, हे मी विचारलं नाही. गोळ्या देते म्हणाले. महिन्याच्या देते, दोन महिन्यांच्या देते. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "माळ बांधली तर जलमभर पाच घरं खाऊ घालत्याल. पन मला जायचंय, बाई." आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.
येताना वाटेत खाल्ले. पुनव परवा. तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.