बांधाला हात लावू नका

सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप दादांच्या पायावर धाकट्या रामहरीचं डोकं. मी खुशाल हाय. धर्मशाळेत जागा मिळाली, जेवणाची आबाळ न्हाय.

कचेरीत आज नववा दिवस. कारकून म्हणतो, ओढा तुमच्या गावाला येतो खरा, पण अडवलाय मोगलाईत, निजामाच्या हद्दीत. तितं आमचा हुकूम चालत न्हाय. कागद हैदराबादला जाऊन यायला पावसाळा उजाडंल. हे गावात बोलू नका.

ज्यांनी बांध घातला त्या वरच्या गावचे धुळाप्पा पाटीलबी हितंच उतरलेत, आपलं गाव बांध फोडंल म्हणून आपल्याविरुद्ध अर्ज घेऊन. पयले दोन दिवस तोंड फिरवून बसलो. मग त्यांची चटणी, माझी भाकरी, असं सुरू झालं. म्हणाले, "आमच्या मेंढरांनी काय वाळू चाटायची व्हय?" तरी आठवड्यात दोन दिवस पाणी सोडायला ते राजी हायेत. उद्या गावी जाऊन चौघांना इचारतील. तंवर दम धरा.

आईचा खोकला कसा हाय? कालवडीला पाणी कुटनं आणता? आणि कुदळी, पहारी घरातच हायेत न्हवं? पोरं तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत, म्हणून इचारतो.

हे पत्र मोहोळच्या मोटारीनं धाडतोय, टपालानं उशीर हुईल. त्याला कारण हाय. धुळाप्पा सहज बोलून गेले, बांधावर रातच्या राखणीला त्यांनी आपल्या तानाचा नवरा बसवलाय, त्यांच्या गावात दिलेल्या आपल्या बहिणीचा. म्हणाले, त्याच्यावर तुमचं गाव हात टाकणार न्हाय.

दादा, अंधारात माणूस वळकू येत न्हाय.

तुमच्या आज्ञेतला,
रामहरी