टँकरच्या डाव्या अंगानं

१२ एप्रिल

विष्णुपुरीहून परत. भावाकडे दोन दिवस बरे गेले. धरण आटलंय, पण डबकंभर का होईना, पाणी डोळ्यांना दिसतं. लातूरला तेही नाही.

येताना अहमदपूरच्या अलीकडे पुढं टँकर. साईड देईना. मागून गळत होता, सगळी सडक ओली. ह्यांनी हॉर्न दाबून धरला. ह्यांची मान लाल झाली की मला कळतं, आता कुणाचं ऐकायचे नाहीत. मी शेजारी, लेक मंजू मागं. दोघी गप्प. आमच्या घरची रीतच आहे ती, मामंजींच्या बैलगाडीपासूनची. हाकणाऱ्याला बोलायचं नाही.

गळतं पाणी धरायला चार बाया घागरी घेऊन टँकरमागं पळत होत्या, कडेकडेनं. ह्यांनी जीप डाव्या अंगानं घातली, कच्च्यातून. मी डोळे मिटले. ठण्ण आवाज आला. माझ्याच बाजूला.

"थांबा ना," म्हटलं.

"भांडं होतं," म्हणाले. थांबले नाहीत.

१३ एप्रिल

डावा मडगार्ड चेपलाय. त्यावर पितळेचा पिवळा ओरखडा. चहाच्या आधीच रॉकेलचा बोळा घेऊन हे घासत बसले होते. मग ठोकून घ्यायला पाठवली जीप.

आमच्या डाळ मिलवर गिऱ्हाईक डाळीच्या भावासाठी डोकं खातं, ह्यांचा आवाज चढत नाही. घरात तर गरीब गाय. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. आज पूजेला फार वेळ लागला. कालचा माणूस तो हाच, हे माझं मलाच पटत नाही. भीती वाटते. ह्यांची नाही, त्या दुसऱ्याची.

१५ एप्रिल

पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. काही नाही. काही नाही म्हणजे काय समजायचं? नुसतं भांडंच होतं? की असल्या बाईची बातमी होत नाही?

गल्लीत टँकर आला. रांगेत घागरीला घागर लागली आणि तोच आवाज. नंबर सोडून घरी आले. शेजारीण ओरडली, "बाई, कुठं निघालात? मागचे घुसून राहिलेत बघा."

रांजण अर्धाच आहे.

१७ एप्रिल

मंजू जीपमध्ये बसत नाही. कॉलेजला उन्हातनं पायी जाते. हे म्हणाले, "काय झालं हिला?" मी तांदूळ निवडत राहिले.

संध्याकाळी आपणहून जवळ येऊन बसली. जीपच्या मागच्या बाकावरून मागची सगळी सडक दिसते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"ती पडली नाही, आई. खाली बसली."

"म्हणजे?"

"घागर लांब उडाली. ती पोट धरून बसली. मग धुरळा आला. उठलेली मी नाही बघितली."

इतके दिवस एकटीनं पोटात ठेवलं पोरीनं. तिला जवळ घ्यायचं सोडून मी विचारत बसले, लुगडं कुठल्या रंगाचं होतं. कशाला विचारलं काय माहीत. हिरवं होतं.

१८ एप्रिल

शाळेत परीक्षा. मुली पेपर लिहितात आणि मला ती बसलेली दिसते. वर्गाच्या दारात, फळ्याखाली, कुठंही. नुसती बसलेली. काही म्हणत नाही. एकदा तरी शिव्या द्याव्यात तिनं.

२० एप्रिल

रसूलभाई डाळीचं पोतं टाकायला आले. मिलचा ट्रक चालवतात, रेणापूरचे, मामंजींच्या वेळेपासूनचे. आडून आडून विचारलं, मालक तुमच्या सोबत असताना कशी चालवतात गाडी?

"मालक? लई सबूर माणूस. बैलगाडीवानी चालवतेत. कुणी पुढं गेलं तर म्हणतेत, जाऊ दे रसूल, त्याला घाई हाय."

ते उठायला लागले. बसवून घेतलं, चहा दिला, तेव्हा कुठं बोलले.

"घरची माणसं बसली की मालकाची तबियत बदलती, बाई. पयले मालकाची जीप दिसली की लोक सडक सोडायचे. आता जिल्हा झाला, साहेब लोक आले, दिव्याच्या गाड्या आल्या. जो तो मालकाला मागं टाकून राहिला. एकटं असताना चालतंय त्यांना. बायको-पोरीसमोर लागतंय."

ते गेल्यावर आठवत बसले. उदगीरच्या लग्नाला जाताना ट्रकवाल्याची कॉलर धरली, तेव्हा मी नटूनथटून शेजारी. साहेबाच्या गाडीला जीप आडवी घातली, तेव्हा मंजू मागं. दर वेळी आम्ही होतोच. तोंडाला कुलूप लावून.

२१ एप्रिल

जेवताना विचारलंच, आम्ही सोबत असलो की असं का चालवता. रसूलभाईंचं नाव घेतलं नाही.

भाकरी मोडली. मग खाली बघून म्हणाले, "तू गप्प बसतीस ना, मला वाटतं मोजून राहिली. किती जण मला टाकून गेले ते."

लग्नाला अठरा वर्षं झाली. मला वाटायचं, आपण गप्प राहिलो की ह्यांचा राग निवेल. घरात कुणी रागावलं की आम्ही हेच करतो. मी देवाचं नाव घेत बसायची आणि ह्यांना वाटायचं, ही मोजते. हसावं की रडावं?

मग मंजूनं बघितलेलं सांगितलं. सगळं. हिरव्या लुगड्यासकट. हे ताटावरून उठले. हातावर पाणीही घेतलं नाही.

२४ एप्रिल

शेवटी हेच म्हणाले, त्या जागी जाऊन बघू. गेलो. तिघं. मंजूची अट, ती पुढं बसणार. मी मागं.

चाकूरच्या पुढं टँकर लागलाच. ह्यांचा हात हॉर्नवर गेला. मी बोलायला सुरुवात केली. तुरीचा भाव, वहिनीचं फसलेलं लोणचं, हेडबाईंचा नवा चष्मा, तोंडाला येईल ते. मामंजी असते तर खाली उतरवलं असतं मला.

"किती बोलशील?" हे म्हणाले.

"तो लांब जाईपर्यंत."

ह्यांनी वेग कमी केला. धुरळा खात मागं राहिलो. टँकर दिसेनासा झाला. मागून मान दिसत होती, लाल नव्हती. मंजू हळूच हसली. मलाही बरं वाटलं, आणि लगेच आपण कुठं चाललोय ते आठवलं.

त्या जागी बाभळीखाली बाया बसलेल्या. टँकरची वाट बघत. हे बसल्या जागेवरनंच म्हणाले, "मागं इथं कुणाला लागलं होतं का?"

एक म्हातारी उठून आली. "लागलं की. सरूला. जीपवाला ठोकून पळाला मेला."

"आता कशी हाय?"

"दवाखान्यात चार रोज ठिवली. मग नवऱ्यानं माहेरी नेऊन घातली, कंधाराकडं."

मंजू म्हणाली, "चालत गेली का?"

"बैलगाडीत निजवून नेली, बाळा. पुढचं काय ठावं न्हाई." मग ह्यांच्याकडं बघून, "तुम्ही कोण म्हणावं?"

मंजू ह्यांच्या तोंडाकडं बघत होती. मीही.

"आम्ही लातूरचे," म्हणाले. "डाळ मिल हाय आमची."

म्हातारीनं तांब्या पुढं केला. उन्हाचं आलात, घोटभर घ्या म्हणाली. त्या बायांच्या घागरीतलं पाणी. ह्यांनी तांब्या हातात धरला, तसाच परत दिला. माहेरच्या गावाचं नाव विचारून घेतलं आणि जीप वळवली.

येताना मंजू पुढं बसली नाही, मागं माझ्याजवळ आली. मला मात्र सारखं वाटत होतं, म्हातारीला कळलं असणार. आणि कळूनच तिनं पाणी दिलं असेल तर?

२६ एप्रिल

पहाटेच ह्यांनी जीप बाहेर काढली. कंधाराकडं जायला.

म्हटलं, एकटेच जा. एकटे असलात की नीट चालवता.

"एकटा नीट जाईन," म्हणाले. "आन् नीटच वापस येईन, डाळ मिल हाय एवढंच सांगून. तुम्ही दोघी समोर असलात तरच तोंड उघडंल माझं."

लग्नानंतर पहिल्यांदा असं काही मागितलं ह्यांनी. मी तयार झाले. पूजेआधीच निघतो म्हणाले, म्हणजे परत येऊन पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही.

मंजू पायरीवर बसली आहे. हे जीपमधून म्हणाले, "चल मंजू."

"आणि ती नसली तर?"

"तर तिच्या आईबापाला सांगीन."

"काय सांगाल?"

ह्यांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दारात उभ्या उभ्या हे लिहिते आहे. मंजू त्यांच्याकडं बघते आहे, उठलेली नाही. तिला ते इथंच, आत्ताच, ह्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.